आता परत पहिल्यापासून

२००६-०७च्या सुमाराला हिंजवडीच्या शिवाजी चौकात सगळं मिळायचं. सिमकार्ड, हेल्मेट, मेसचा डबा, भाड्याची खोली, पासपोर्ट साइजचे फोटो, रात्री उशिरापर्यंत गरम अंडाभुर्जी. गोष्टीचं पुस्तक तेवढं मिळायचं नाही. स्टेशनरीच्या दुकानात अंकलिपी असायची, पाढ्यांची उजळणी असायची, फळांचे नि प्राण्यांचे तक्ते दोरीला टांगलेले असायचे. दोन-अडीच वर्षांच्या मुलीसाठी गोष्टीचं पुस्तक मागितलं की दुकानदार मोठ्या आपुलकीने अंकलिपीच पुढे करायचा. "याच्यात सगळं आहे ताई, चित्रं पण आहेत." त्याचंही बरोबरच होतं. लहान मुलासाठी पुस्तक म्हणजे अंकलिपी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेलं. आधी अक्षरं घोटायची, गोष्टीबिष्टी ही नंतरची चैन.

माझी लेक या चैनीवरच वाढली आणि अक्षरंही तिला तिथूनच मिळाली.

पुस्तकं आणायची तर शहरात जावं लागे. रविवारी सकाळी हिंजवडीहून मनपाची बस धरायची, मनपाला उतरून नव्या पुलावरून चालत शनिवारवाडा आणि तिथून अप्पा बळवंत चौक. लेक कधी कडेवर, कधी बोट धरून. चौकातल्या दुकानांत दर्शनी भागात पाठ्यपुस्तकांच्या नि गाइडांच्या थप्प्या. लहान मुलांचं काही मागितलं की विक्रेता आत जाऊन एक गठ्ठा घेऊन यायचा. त्यातली रामायण-महाभारतं, पऱ्या-राक्षस आणि 'तात्पर्य' छापलेली पुस्तकं बाजूला केली की खाली नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ पुस्तकं सापडायची, कधी ज्योत्स्ना प्रकाशनाची. पुस्तक निवडायचं काम लेकीचं. ती प्रत्येक पुस्तक मांडीवर घेऊन पानं उलटायची. गर्दीच्या दुकानात कोणी तिला घाई केल्याचं मला आठवत नाही.

घरी पोचेपर्यंत तिला दम निघायचा नाही. वाकडच्या पुलापाशी बस अडकली की पिशवी उघडायची. मी हळू आवाजात वाचायला लागायचे आणि थोड्या वेळाने लक्षात यायचं की आजूबाजूच्या सीटवरची बोलणी थांबली आहेत. एकदा पुस्तक संपायच्या आत आमचा स्टॉप आला. उठले, तर मागच्या सीटवरच्या टोपीवाल्या काकांनी विचारलं, "मग सापडलं का पिल्लू त्याला?" पायरीवरून उतरता उतरता सांगितलं, सापडलं.

तेव्हाची हिंजवडी अर्धीमुर्धी गावच होती. एमआयडीसीचा आयटी पार्क होऊन काही वर्षं झाली होती, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण दोन इमारतींच्या मधे ज्वारी डोलायची आणि कंपनीच्या बसला म्हशी आडव्या जायच्या. आम्ही माणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका शेतकऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी मूळची बार्शीची, लेकीचा बाबा अकोल्याचा. दोघं एकाच कंपनीत. शेजारच्या खोल्यांतून तेलुगू, कन्नड, बंगाली, हिंदी. ज्या घरांत आजी-आजोबा नव्हते, मामा-मावश्या नव्हत्या, अशी ती सगळी घरं. गोष्ट सांगायला घरात दुसरं कोणी नाही, हे मूल झाल्यावर उमगलं.

मला स्वतःला लहानपणी कोणी चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं. आईला वेळ नव्हता आणि घरात तसं पुस्तकही नव्हतं. पण श्रावणात आजोबा 'हरिविजय' वाचायचे. सोप्यात पाट, पाटावर ते, समोर गल्लीतल्या बायका, आणि आजोबांच्या मांडीवर मी. ओवी वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकायचं, ओळ संपली की झपकन डावीकडे यायचं. मधेच थांबून ते अर्थ सांगायचे, बायका हुंकार द्यायच्या, कोणी म्हणायचं, "ते मघाचं पुन्हा एकदा वाचा की अण्णा." त्यातल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. पण कागदावरच्या त्या काळ्या खुणा बोलतात, त्या डावीकडून उजवीकडे बोलतात, आणि काल जे बोलल्या तेच आज बोलतात, एवढं मला शाळेत जायच्या आधीच पक्कं ठाऊक झालं होतं. पुढे वाचायला शिकल्यावर 'चांदोबा' आला, आणि प्रदर्शनातून स्वस्तात आणलेली रशियन पुस्तकं आली. 'रादुगा' प्रकाशनाची, मॉस्कोहून मराठीत छापून आलेली, गुळगुळीत कागदाची. त्यांचा वास अजून आठवतो. पण सुरुवात पोथीची. लेकीला मांडीवर घेऊन पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा माझं बोट आपोआप ओळीखाली गेलं, ते आजोबांचं बोट होतं.

तिच्या आवडीच्या पुस्तकांत सगळ्यात वरचा नंबर माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'चा. गोष्टही त्यांची, चित्रंही त्यांची. राधाच्या घरातली माणसं, त्यांची कामं, त्यांच्या सवयी. बाकी काही घडत नाही. कोणी धडा देत नाही, कोणी खोटं बोलून पस्तावत नाही. आणि भाषा कशी, तर घरात बोलतो तशी. लहान मुलांसाठी लिहायचं म्हणून बोबडी केलेली नाही की पुस्तकी केलेली नाही. मला वाचताना एकही वाक्य तोंडात अडखळलं नाही, आणि मोठ्याने वाचायच्या पुस्तकाची ही पहिली कसोटी आहे असं मी आजही मानते. २०१४मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा घरचा माणूस गौरवला गेल्यासारखा आनंद आम्हाला झाला.

त्यांच्या आई निर्मला पुरंदरे. खेड्यांतल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवण्यासाठी १९८१ साली त्यांनी 'वनस्थळी' सुरू केली. आई गावोगावच्या तायांना मुलांपाशी बसायला शिकवते आहे आणि मुलगी त्या मुलांच्या हातात द्यायला पुस्तकं करते आहे. एकाच घरातून ही दोन्ही कामं व्हावीत याचं मला फार अप्रूप वाटतं. निर्मलाताई २०१९मध्ये गेल्या.

खाली मालकांची आई राहायची. तिला सगळी आक्का म्हणत. जमीन गेली होती, बरीचशी कंपन्यांसाठी, थोडी रस्त्यासाठी. हाताला काम उरलं नव्हतं आणि सवय सुटली नव्हती. संध्याकाळी ती ओट्यावर मेथी निवडत बसायची. मी कामावरून आले की लेकीला घेऊन तिथेच टेकायचे, आणि आक्काचा धाकटा नातू पुस्तकाच्या दुसऱ्या बाजूने घुसायचा. थोरला दहा-अकरा वर्षांचा. तो दारात उभं राहून चेंडू झेलत राही. गोष्ट रंगली की चेंडूचा आवाज बंद व्हायचा.

आक्काला वाचता येत नव्हतं. पण चित्रं ती बारकाईने बघायची. एका पुस्तकात बैलगाडी होती. तिने पुस्तक हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. "काय लिवलंय हितं?"

"बैल गाडी ओढतोय असं लिहिलंय."

"ह्यो बैल व्हय? शिंगं बघ की कशी काढल्यात म्हशीवानी. खिल्लाराचं शिंग असं जातं." हातातल्या मेथीच्या काडीने तिने हवेत शिंग काढून दाखवलं. मग बैलांवरून गोष्ट गावच्या जत्रेतल्या बगाडावर गेली. हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं; त्याला जुंपायचे बैल कसे पारखून घेतात, वर्षभर त्यांना काय खाऊ घालतात, मानाचा गळकरी वर चढतो तेव्हा खालची माणसं कशी एका सुरात चांगभलं म्हणतात. आक्का सांगत होती आणि तिघं मुलं, थोरला धरून, ओट्यावर गोळा झाली होती. गोष्ट संपल्यावर लेक मला म्हणाली, "आता हे वाच." मी म्हटलं, हे पुस्तकात नाहीये गं, हे आक्काच्या मनातलं आहे. तिला ते काही पटलं नाही. पुस्तकात नाही म्हणजे काय? घाल मग.

म्हणून घातलं. ऑफिसातले एका बाजूने कोरे कागद आणले, मधे दुमडून जाड दोऱ्याने शिवले. आक्का सांगेल ते मी तिच्याच बोलीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, पानाला एक वाक्य, आणि मुलांनी चित्रं काढली. थोरल्याने शिंगं काढली, आक्काच्या देखरेखीखाली. धाकट्याने फक्त चाकं काढली, पानभर. ते पुस्तक मुलांनी इतक्यांदा 'वाचलं' की दोरा दोनदा बदलावा लागला. धाकटा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून वाचून दाखवायचा, बोट ओळीखालून सरकवत, एक अक्षर येत नसताना. आणि एका संध्याकाळी आक्काने विचारलं, "ह्यात 'म्हातोबा' कुठं लिवलंय, दाव बरं." लेकीने दाखवलं. आक्काने त्यावर बोट टेकवलं आणि मग तेच बोट कपाळाला लावलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे केलं, त्याच्याबद्दल मी नंतर वाचलं. माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी खडे, शिंपले, पानं, बिया हाताशी घेतल्या. मुलांच्या अंगणात जे आहे त्यातून शिक्षण उभं केलं. अंगणवाडी ही कल्पनाही तिथलीच, आणि १९७५मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हे नाव देशभर गेलं. ते वाचताना मला आमचं दोऱ्याने शिवलेलं बगाड आठवलं आणि खूप बरं वाटलं.

आता 'मा'ची हकीकत. लेकीचं एक पुस्तक मांजराचं होतं. पानापानावर मांजर, मोठ्या टायपात. मी तिला कधीच 'हा म, याला काना दिला की मा' असं शिकवलं नव्हतं. आम्ही गोष्ट वाचत होतो, एवढंच. एका सकाळी रस्त्याकडेला उभ्या होतो, समोरून बस आली, आणि ती एकदम ओरडली, "मांजराची बस!" पाटीवर लिहिलं होतं, माण. मी काही बोलायच्या आत तिच्या कपाळाला आठी पडली. बस जवळ आली तसं ती नीट बघून म्हणाली, "पण ह्या मांजराला टिकली नाहीये." मांजराच्या 'मां'वरचं टिंब तिने टिपून ठेवलं होतं. तिथून मग ती सुटलीच. मनपाच्या पाटीत 'म' आहे पण त्याची काठी गेली. मिसळपावच्या बोर्डावर 'म' आहे पण त्याला पुढून दांडा आणि वर टोपी. काना, वेलांटी ही नावं तिला माहीत नव्हती, पण कामं माहीत झाली होती. आपली लिपी या बाबतीत मोठी उदार आहे. मूळ अक्षर तेच राहतं, दागिने बदलतात, आणि ज्याला गोष्टीतला शब्द आधी तोंडपाठ आहे त्या मुलाला ते दागिने ओळखू यायला फार वेळ लागत नाही.

याच वयात एका शाळेत प्रवेशासाठी गेलो तर मुलीला चार रेघी वहीत 'ए'पासून 'झेड'पर्यंत लिहिता येतं का, असं विचारलं. येत नव्हतं. आम्ही दुसरी शाळा बघितली. त्या प्रश्नाचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरायला तयार नसतात, कान मात्र केव्हाचे तयार असतात. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी तर मुलांना पुस्तकाबद्दल काय काय ठाऊक आहे हे बघण्यासाठी १९७२मध्ये 'सँड' नावाची एक छोटी पुस्तिकाच केली. तिच्यात काही चित्रं आणि ओळी मुद्दाम उलट्या छापल्या आहेत. पुस्तक कुठून उघडायचं, वाचायला सुरुवात कुठून, ओळ संपल्यावर कुठे जायचं, हे मुलाला कळतं का, ते हळूच बघायचं. वाचता येण्याआधीची ही ओळख मांडीवर बसल्या बसल्याच होते. इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये १९९२ साली तीनशे बाळांच्या कुटुंबांना पुस्तकं देऊन 'बुकस्टार्ट' सुरू झालं ते याच भरवशावर. तिकडच्या सरकारांना, डॉक्टरांना हे पटलं याचा मला हेवा वाटतो. आपल्याकडे लसीच्या कार्डाबरोबर एक पातळसं मराठी पुस्तक द्यायला काय हरकत आहे?

लेकीचा बाबा वाचायचा तो वेगळ्याच थाटात. तो वऱ्हाडी हेल सोडायचा नाही, त्यामुळे आमच्या घरातला हत्ती अकोल्याचा झाला. "काऊन बे उंदरा, कुठी चालला?" हे पुस्तकात नव्हतं, पण मी हत्ती पुण्याच्या मराठीत वाचला की लेक नाराज व्हायची. "तुझा हत्ती खोटा आहे." बार्शीची मी, मला अकोल्याचा हत्ती काही केल्या साधला नाही. आपण ज्या गावांहून आलो त्या गावांची बोली मुलीच्या कानावर कशी पडणार, ही आमची काळजी होती. ती हत्तीने परस्पर मिटवली.

मग बाबा ऑनसाइट गेला, अमेरिकेत. हिंजवडीच्या घराघरात तेव्हा कोणी ना कोणी ऑनसाइट असायचं. जाताना त्याने तिच्या लाडक्या पुस्तकाची दुसरी प्रत विकत घेतली आणि बॅगेत टाकली. त्याची रात्र म्हणजे आमची सकाळ. त्यामुळे झोपायच्या वेळची गोष्ट ती सकाळी दूध पिताना ऐकायची. तिकडे तो पुस्तक धरून, इकडे ती पुस्तक धरून, मधे स्काइप. 'पान उलट' असं तीच सांगायची. नेट गेलं की पडद्यावर बाबाचं तोंड उघडं राहायचं आणि ती तिथून पुढे स्वतःच सुरू करायची, त्याच हेलात. लाइन परत आली की म्हणायची, "बाबा, तू मागे राहिलास. आम्ही नदीवर आलोत." आणि गोष्ट संपली की रोजचा हुकूम, "आता परत पहिल्यापासून." तो दिवसभराचं काम करून थकलेला असायचा, तरी परत पहिल्यापासून वाचायचा.

पुन्हा पुन्हा तेच वाचायचा मोठ्यांना कंटाळा येतो, हे खरं आहे. पण मूल दर खेपेला वेगळं काही बघत असतं. पहिल्यांदा गोष्ट, मग चित्रातला कोपऱ्यातला बेडूक, मग कोणता शब्द कुठल्या पानावर येतो ते. एकदा लेक म्हणाली, इथे 'आणि' आहे, तिथे पण 'आणि' आहे, सगळीकडे 'आणि' आहे. आणि मग आमची दहा मिनिटं 'आणि' शोधण्यात गेली. कोणत्या तक्त्यावर हा शब्द सापडला असता?

२०२३च्या डिसेंबरात पुण्यात पुस्तक महोत्सव भरला, त्या निमित्ताने स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना पुस्तक वाचून दाखवलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम चीनचा होता. माझ्या टीममधली एक मुलगी हिंजवडीहून भल्या सकाळी लेकाला घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने मला फोटो दाखवले. मैदानभर मांड्या आणि मांड्यांवर मुलं. विक्रमाचं मला तितकं वाटलं नाही. पण काही दिवसांनी ती म्हणाली, "तिथून आल्यापासून हा रोज रात्री पुस्तक घेऊन येतो, सोडतच नाही." तेव्हा मी तिला आमच्याकडची पुस्तकं दिली, आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट मिळतात हेही सांगितलं. ते २०१५पासून सुरू आहे. आमच्या वेळी असतं तर किती नाचलो असतो. फक्त मोबाइलवर दाखवू नकोस, छापून घे आणि शीव, असा आग्रह मी धरला. तिने ऐकलं.

लेक आता कॉलेजात आहे. ती वाचते का, असं लोक विचारतात. वाचते, आणि कधी महिनोन्‌महिने वाचतही नाही. ते तिचं तिने बघावं. संध्याकाळच्या त्या ओट्यावर आम्हा सगळ्यांना जे मिळालं ते मिळालं. आता तो ओटा रस्तारुंदीत गेला, घरासमोर मेट्रोचे खांब आले, आणि वाकडच्या पुलापाशी बस अजूनही अडकतेच. आक्का काही वर्षांपूर्वी गेली. बगाडाचं ते पुस्तक मालकांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवलेलं आहे; थोरल्याने मला मुद्दाम काढून दाखवलं.

दारात चेंडू झेलणारा तो थोरला आता दीड वर्षाच्या मुलीचा बाप आहे. या दिवाळीला आमच्याकडची उरलेली पुस्तकं त्याच्या घरी पोचवली, 'राधाचं घर' धरून. चार दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी ओशाळलेला. "काकू, हिनं दोन पानं फाडली ओ. एक तर चावून ठेवलंय. आता मी वरच्या फळीवर ठेवलीत सगळी, मोठी झाली की देईन."

"खाली काढ आधी," मी म्हटलं. "फाडू दे. चिकटपट्टी मी घेऊन येते."